वेळेवर न पोहोचलेला सरनोबत : चौकच्या नेताजी पालकरांवरचा ठपका आणि पुढची दहा वर्षं

कशेळे : कशेळ्याच्या नाक्यावरून कर्जतमार्गे पनवेलकडे निघालं की वाटेत चौक लागतं. एका बाजूला इर्शाळगडाचा सुळका, त्याच्या मागे प्रबळगडाचं आडवं पठार. बाहेरच्या लोकांना चौक हे नाव अलीकडे कळलं ते १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा. पण आपल्या कर्जत-खालापूरकरांना हे गाव आधीपासून माहीत आहे ते सरनोबत नेताजी पालकरांचं गाव म्हणून. दुसरी गावंही नेताजींवर हक्क सांगतात, सांगू देत. मोठ्या माणसाला गावं पुष्कळ असतात.

आजच्या पोरांनी मोबाईलवर नुसतं नेताजी टाकलं की सुभाषबाबू येतात. पालकर टाकलं तर एकच गोष्ट येते, ती म्हणजे हा माणूस मोगलांना मिळाला, मुसलमान झाला आणि परत आला. गोष्ट खरी आहे. पण ती जिथून सुरू झाली ती जागा कुणी नीट सांगत नाही. सुरुवात झाली एका ठपक्यापासून. मालकाने आपल्या सर्वांत मोठ्या सेनापतीला कामात चुकला म्हणून जाब विचारला, पद काढून घेतलं, आणि त्या माणसाने त्यावर जे केलं त्याची किंमत पुढे दहा वर्षं मोजली.

सरनोबत म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. महाराजांच्या घोडदळाची उतरंड पक्की बांधलेली होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सरनोबत. त्याच्या वर फक्त महाराज. माणकोजी दहातोंडे हे पहिले सरनोबत, त्यांच्यानंतर ही जागा नेताजींकडे आली. साधारण त्याच काळात, ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, पाठोपाठ माहुली आला आणि आपला हा सगळा घाटाखालचा पट्टा भगव्याखाली आला.

पुढची आठ वर्षं नेताजींचा घोडा थांबला नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला, तेव्हा खानाच्या फौजेवर तुटून पडणाऱ्यांत नेताजींचं घोडदळ होतं. खान मेल्यावर महाराजांनी उसंत घेतली नाही, पन्हाळा घेतला, आणि नेताजी विजापूरच्या मुलखात आतपर्यंत घुसले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमानची फौज उधळली, तिथेही ते होते. फेब्रुवारी १६६१ मध्ये आपल्याच खालापूर तालुक्यात, चावणीजवळच्या उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली आणि सगळं सामान टाकून परत गेली. ५ एप्रिल १६६३ ला महाराज लाल महालात शिरले, तेव्हा बाहेर फौज घेऊन थांबलेल्यांत नेताजींचं नाव बखरकार देतो. त्याच सुमाराला मोगली मुलखात धाड घालताना पाठलाग होऊन ते जखमीही झाले. मोगलांच्या छावणीत या माणसाला दुसरा शिवाजी म्हणत. हे नाव घरच्यांनी दिलेलं नाही, शत्रूने दिलेलं आहे. पालकर घराण्याची भोसल्यांशी सोयरीकही होती. महाराजांच्या राणीसाहेब पुतळाबाई या पालकरांच्याच घरातल्या.

या सगळ्यात एक अपयशही आहे आणि ते लक्षात ठेवायला हवं. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. नेताजी आणि सिद्दी हिलाल बाहेरून वेढा फोडायला आले. लढाई झाली, हिलालचा मुलगा पडून शत्रूच्या हाती लागला, वेढा फुटला नाही. शेवटी जुलैत महाराजांना पावसातून रात्री निसटावं लागलं आणि बाजीप्रभूंना खिंडीत जीव द्यावा लागला. त्यावेळी नेताजींचं पद गेलं नाही. कारण ते आले होते, लढले होते, हरले होते. हरणाऱ्याला महाराज समजून घेत. न येणाऱ्याचं काय, हे सहा वर्षांनी कळलं. गंमत बघा, जागा तीच, पन्हाळा.

पन्हाळ्याची दुसरी रात्र

१६६५ साल स्वराज्याला फार वाईट गेलं. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान प्रचंड फौज घेऊन उतरले. पुरंदराला वेढा पडला, मुरारबाजी पडले, गावं जाळली गेली. नेताजी घोडदळ घेऊन मोगलांच्या पाठीवर धाडी घालत होते, पण तेवढ्याने वेढा उठला नाही. जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यायचा, बारा किल्ले आपल्याकडे ठेवायचे. त्या तेवीसमध्ये कर्नाळा होता, माहुली होता आणि चौकच्या उशाशी असलेला प्रबळगडही होता. म्हणजे नेताजींच्या अंगणातून दिसणारा किल्ला मोगलांचा झाला.

तहातली आणखी एक अट अशी होती की विजापूरच्या मोहिमेत महाराजांनी मोगलांना साथ द्यायची. ज्यांच्याशी आठ वर्षं झुंजले, त्यांच्याच झेंड्याखाली आता लढायचं. नोव्हेंबर १६६५ मध्ये मोहीम निघाली. महाराजांबरोबर दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ, आणि पुढे नेताजी. फलटण, ताथवडा, मंगळवेढा पटापट हाती आले. मोगल दरबारातून शाबासकी आली. पण विजापूरच्या तटापर्यंत गेल्यावर गाडं अडलं. विजापूरकरांनी आसपासच्या विहिरी बुजवल्या, झाडं तोडली, शेतं ओसाड केली. जयसिंगाला जानेवारीच्या सुरुवातीला माघार घ्यावी लागली. छावणीत कुजबुज सुरू झाली की हे सगळं शिवाजीमुळे झालं. दिलेरखान तर आधीपासूनच महाराजांच्या जिवावर उठलेला. अशा वेळी महाराज पन्हाळ्याकडे निघाले. पन्हाळा घेतला तर विजापूरची फौज तिकडे ओढली जाईल, आणि आपणही या छावणीतून बाजूला होऊ.

१६ जानेवारी १६६६. उजाडायला तीनेक तास असताना महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला चढवला. गडकरी सावध होते. सूर्य वर आला तरी झुंज चालू होती आणि माणसं पडत होती. जवळपास हजार माणूस गेलं. नेताजी आपली फौज घेऊन यायचे होते, ते वेळेवर आले नाहीत. महाराजांना माघार घेऊन विशाळगडाकडे जावं लागलं.

हजार माणूस म्हणजे किती? कशेळ्याच्या बाजारादिवशी नाक्यापासून शाळेपर्यंत जेवढी गर्दी दिसते, तेवढी माणसं एका सकाळी संपली असं समजा. त्यांतले बहुतेक मावळातले, घाटाच्या वरच्या-खालच्या गावांतले शेतकरी. पावसाळ्यात नांगर धरायचे आणि दसऱ्याला हत्यार घ्यायचे, ते.

नेताजी पोहोचले तेव्हा महाराजांनी त्यांना जाब विचारला. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग दोन-तीन ओळींत उरकला आहे. वेळेवर का आला नाहीस असं विचारून शब्द लावला, सरनोबती दूर केली आणि राजगडाचे सरनोबत कडतोजी गुजर यांना प्रतापराव असा किताब देऊन ती जागा दिली. बस, एवढंच. सुनावणी नाही, मुदत नाही, दुसरी संधी नाही.

आपल्याकडे गावागावांत फौजेतली पोरं आहेत, त्यांच्या घरच्यांना यातला फरक कळेल. आज लष्करात एखाद्यावर ठपका ठेवायचा तर सहसा आधी कारणे दाखवा नोटीस येते, उत्तर द्यायला वेळ मिळतो. तरी अन्याय झाला असं वाटलं तर १९५० च्या लष्कर कायद्यात कलम २६ खाली जवानाला आणि कलम २७ खाली अधिकाऱ्याला वर दाद मागता येते. ठपका कागदावर राहतो, बढती अडते, पण माणूस पलटण सोडून समोरच्या सैन्यात जात नाही. नेताजींच्या काळात वर दाद मागायची कुणाकडे? वर एकच माणूस, आणि ठपका त्यानेच ठेवलेला.

तरीसुद्धा नेताजींसमोर रस्ते होते. गप्प बसून गावी यायचं. हाताखालचं काम पत्करून पुन्हा नाव कमवायचं. महाराजांचा राग शांत होईपर्यंत थांबायचं. यातलं काहीही त्यांनी केलं नाही. ते सरळ विजापूरकरांना जाऊन मिळाले. आदिलशाहीने त्यांना चार लाख होन दिले. दोन महिन्यांपूर्वी ज्यांच्या मंगळवेढ्यावर यांनी झेंडा लावला, त्यांच्याच चाकरीत जाऊन हे आता मोगली मुलखात धाडी घालू लागले.

काही लोक म्हणतात हा महाराजांचाच डाव होता, नेताजींना मुद्दाम फोडून पाठवलं होतं. ऐकायला बरं वाटतं. पण हजार माणसांचं रक्त सांडून कुणी नाटक करत नाही, आणि पुढे जे घडलं त्यातही डाव दिसत नाही. रागावलेला, दुखावलेला, आठ वर्षांच्या चाकरीचा हिशेब मनात मांडणारा माणूस दिसतो. चूक महाराजांची म्हणायची तर एवढीच की ज्या माणसाला शत्रू दुसरा शिवाजी म्हणतो, त्याला मोकळा सोडला तर शत्रू झेलणारच, हे त्या रागाच्या भरात बघितलं गेलं नाही. पण शिस्त तिथे सोडली असती तर उद्या प्रत्येक हजारी उशिरा आला असता. हेही खरं.

चाकरीवरून चाकरी

जयसिंग पक्का माणूस होता. नेताजी विजापूरकडे गेल्याचं कळताच त्याला धास्ती बसली की आता शिवाजीही गेला तर दख्खन हातची जाईल. म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या. महाराजांना आग्र्याला बादशहाच्या भेटीला पाठवायचं घाटवलं आणि नेताजींना गोड बोलून, पैसा दाखवून आपल्याकडे ओढलं. महाराज ५ मार्च १६६६ ला आग्र्याकडे निघाले. नेताजी २० मार्चला मोगलांकडे आले. पाच हजारी मनसब, जहागीर आणि रोख अडतीस हजार रुपये. तीन महिन्यांच्या आत तिसरा मालक.

हातात पैसा आला, मान आला. पण हा मान पाच-सात महिनेसुद्धा टिकला नाही. १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाचा सगळ्या मराठ्यांवरचा विश्वास उडाला. महाराज परत दख्खनेत पोहोचणार, नेताजी पुन्हा त्यांना मिळणार, ही भीती. जयसिंगाला हुकूम आला की नेताजीला धरा. ऑक्टोबरमध्ये बीडकडे धारूरच्या छावणीत त्यांना बेसावध पकडलं, चुलते कोंडाजींनाही पकडलं आणि दिल्लीला रवाना केलं. ज्या जयसिंगाने मनसब दिली होती त्यानेच बेड्या घातल्या. पुढच्या वर्षी तो स्वतःही बुऱ्हाणपूरला मेला, बादशहाच्या मर्जीतून उतरून.

दिल्लीत कैद आणि हाल झाले. १६६७ च्या सुरुवातीला नेताजींनी धर्म बदलला आणि त्यांचं नाव महंमद कुलीखान झालं. तीन हजारी मनसब मिळाली. त्यांच्या बायकांनाही आणून धर्म बदलायला लावला. मग बादशहाने त्यांना जेवढं लांब पाठवता येईल तेवढं पाठवलं, काबूलच्या बाजूला, महाबतखानाच्या फौजेत. वाटेत त्यांनी पळून जायचा प्रयत्न केला. लाहोरजवळ पकडले गेले.

इथे जरा थांबायला हवं. चौकच्या पावसात वाढलेला, भातशेती आणि घाटवाटा माहीत असलेला माणूस. तिथे खैबरच्या उघड्या डोंगरांत, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या मुलखात, पठाणांच्या टोळ्यांशी मोगलांसाठी लढतोय. आजूबाजूला कुणी मराठी बोलणारं नाही. १६७२ पासून तिकडच्या पठाणांनी मोठा उठाव केला, मोगलांच्या फौजाच्या फौजा खिंडींत कापल्या गेल्या, शेवटी औरंगजेबाला स्वतः तिकडे जाऊन बसावं लागलं. खिंडीत मोठी फौज कशी कोंडतात हे नेताजींना कुणी शिकवायची गरज नव्हती. उंबरखिंडीच्या तालुक्यातला माणूस तो. आता ते कोंडल्या जाणाऱ्या बाजूला होते.

त्याच काळात इकडे काय चाललं होतं ते बघितलं की गोष्टीला दुसरी बाजू मिळते. नेताजींच्या जागी आलेल्या प्रतापराव गुजरांनाही ठपका मिळाला. एप्रिल १६७३ मध्ये जतकडच्या उमराणीला त्यांनी बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला शरण आणलं, आणि मग दया येऊन सोडून दिलं. महाराज संतापले. हातात आलेला शत्रू सोडलाच कसा? खान पुन्हा चालून आला. त्याला संपवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप महाराजांकडून गेला. २४ फेब्रुवारी १६७४ ला गडहिंग्लजजवळ नेसरीच्या खिंडीत प्रतापराव फक्त सहा जण बरोबर घेऊन खानाच्या फौजेवर धावून गेले. सातही पडले.

एकाच पदावरचे दोन माणूस, एकाच धन्याचा ठपका. एक रागाने दुसरीकडे गेला, दुसरा रागाने मरणाकडे गेला. प्रतापरावांचे पुतळे झाले, नाव सगळीकडे झालं, ते व्हायलाच हवं. पण हिशेबाने बघितलं तर नेसरीलाही स्वराज्याचा सेनापती गेला आणि बहलोलखान जिवंत राहिला. महाराजांना या मृत्यूचं फार दुःख झालं. पुढे त्यांनी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांना करून घेतली. तोंड दाखवू नका म्हणणाऱ्याला ते शब्द नंतर किती जड गेले असतील, ते या सोयरिकीतून कळतं.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. तेव्हा सेनापतीच्या जागी हंबीरराव मोहिते होते. नेताजी काबूलकडे.

परतीची वाट

१६७६ मध्ये औरंगजेबाने दिलेरखानाबरोबर त्यांना पुन्हा दख्खनेत पाठवलं. दहा वर्षं झाली, आता हा आपला झाला, असं बादशहाला वाटलं असावं. शिवाय मराठ्यांच्या वाटा आणि खोडी माहीत असलेला माणूस उपयोगाचा. पण दख्खनची माती पायाला लागल्यावर महंमद कुलीखान छावणीतून नाहीसे झाले आणि रायगडावर जाऊन उभे राहिले.

या क्षणाची कल्पना करताना बखरीची गरज नाही. समोर तोच धनी, आता छत्रपती. आणि खाली मान घालून उभा असलेला तोच माणूस, ज्याच्यामुळे पन्हाळ्याची ती सकाळ वाया गेली, जो विजापूरला गेला, मोगलांना गेला. त्याला परत घ्यायचं की नाही हा फक्त महाराजांच्या मनाचा प्रश्न नव्हता. तो काळ असा होता की धर्म गेलेल्या माणसाला घरात कुणी पाणी देत नसे. शास्त्री काय म्हणतील, जात काय म्हणेल, पंगतीला कोण बसेल, हे सगळे अडथळे उभे. आजही गावात साध्या भांडणावरून भावकी दहा-दहा वर्षं बोलत नाही.

महाराजांनी त्यांना घेतलं. १९ जून १६७६, आषाढ वद्य चतुर्थीला प्रायश्चित्त देऊन नेताजींना शुद्ध करून घेतलं. जेध्यांच्या शकावलीत ही नोंद एका ओळीची आहे. पण त्या वेळच्या समाजात ही किती मोठी उडी होती हे आज सांगूनही पटायचं नाही. पालकर घराण्याशी सोयरीकही पुढे चालली, महाराजांची मुलगी कमळाबाई याच घरात दिली.

सरनोबती मात्र परत मिळाली नाही. ती हंबीररावांकडे होती आणि त्यांच्याकडेच राहिली. माफी मिळाली, पद मिळालं नाही. यात महाराजांचा हिशेब पक्का वाटतो. माणूस परत घेता येतो, पण दहा वर्षं फौजेपासून तुटलेल्याच्या हातात फौज देता येत नाही. त्या दहा वर्षांत हाताखालचे हजारी बदलले, घोडी बदलली, शत्रूही बदलले.

त्यानंतर नेताजींचं नाव मोहिमांच्या नोंदींत ठळकपणे येत नाही. १६७७ ला महाराज दक्षिणेत जिंजीपर्यंत गेले, ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत लांबची मोहीम, पण तिथे गाजली ती हंबीररावांची तलवार. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले.

नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यात तामसा म्हणून गाव आहे. तिथली एक समाधी नेताजी पालकरांची म्हणून दाखवतात. पुढे १९२७ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने त्यांच्या नावाचा मूकपट काढला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला तो पहिला चित्रपट. बोलता चित्रपट यायचा होता, त्यामुळे पडद्यावरच्या नेताजींना पन्हाळ्याबद्दलचा जाब आवाजात द्यावाच लागला नाही.